कापसाची दोन टोके : मँचेस्टर, पांढरकवडा आणि जॉय डिव्हिजन

१/ काळ्या टी-शर्टवर पांढऱ्या रेषांची, डोंगररांगेसारखी दिसणारी एक आकृती असते. शहरांच्या बाजारांत हा टी-शर्ट सर्रास दिसतो. तो घालणाऱ्या अनेकांना ती आकृती कशाची हे ठाऊक नसते. ती १९७९ साली निघालेल्या ‘अननोन प्लेझर्स’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरची आहे. बँडचे नाव जॉय डिव्हिजन, शहर मँचेस्टर.

२/ हा थ्रेड त्या बँडविषयी आहे आणि पांढरकवड्याविषयीही आहे. पांढरकवडा हे यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेलगतचे, कापसावर जगणारे गाव. या दोन ठिकाणांना जोडणारी वस्तू त्या टी-शर्टमध्येच आहे : कापूस.

३/ प्रतिपादन आरंभीच मांडलेले बरे. कापसाच्या एका टोकाला जे दुःख निर्माण झाले त्याची दंतकथा झाली, दुसऱ्या टोकाच्या दुःखाचा आकडा झाला. दोन्हींत मूळचा माणूस दिसेनासा होतो. संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आणि शेतीचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही याची दखल घ्यायला हवी.

४/ प्रथम कापूस. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८५७ साली मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी ‘कॉटन सप्लाय असोसिएशन’ स्थापन केली. अमेरिकेबाहेर, विशेषतः हिंदुस्थानात, कापसाचे उत्पादन वाढवणे हा तिचा हेतू. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी या काळ्या मातीकडे वळली.

५/ भाव कडाडले. १८६५ साली युद्ध संपले आणि ते कोसळले. तोवर व्यवस्था मात्र रुजली होती. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाडसाठी कापूस आयुक्त हे पद निर्माण झाले आणि त्यावर रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. १८७० साली खामगावच्या कापूस बाजारापर्यंत लोहमार्गाची शाखा गेली. ज्वारीची जमीन कापसाखाली जाऊ लागली आणि शेतकऱ्याचे पोट दूरदेशीच्या भावाशी बांधले गेले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत त्या बांधणीची किंमत वऱ्हाडाने मोजली.

६/ आजचा यवतमाळ जिल्हा त्या काळी ‘वणी जिल्हा’ म्हणून ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी ११३ किलोमीटरची अरुंद लोहवाट झाली, तीच ‘शकुंतला’. हेतू उघड होता, कापूस मुख्य मार्गावर नेणे आणि तेथून मुंबई बंदरात. ही गाडी सत्तर वर्षे ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरमध्येच तयार झाले होते. १९९४ साली ते निवृत्त झाले.

७/ येथे एक खबरदारी आवश्यक आहे. वऱ्हाडचा सारा कापूस मँचेस्टरला गेला असे नाही. पुढील काळात त्याचा मोठा हिस्सा मुंबईच्या गिरण्या, युरोप आणि जपानकडे वळला. आखूड धाग्याचा हा कापूस लँकेशायरच्या कामगारांना फारसा आवडतही नसे. पण शेतकऱ्याने काय पेरावे आणि त्याला काय मिळावे हे दूरच्या बाजाराने ठरवण्याची रीत मँचेस्टरच्या गरजेतूनच इकडे घट्ट झाली. दुवा एवढाच आहे आणि तेवढा पुरेसा आहे.

८/ आता दुसरे टोक. मँचेस्टरमध्ये ‘फ्री ट्रेड हॉल’ नावाची भव्य इमारत आहे. १८५३ ते १८५६ या काळात, खुल्या व्यापाराच्या विजयाचे स्मारक म्हणून ती उभारली गेली. कापसाच्या पैशाने श्रीमंत झालेल्या शहराची ती विजयकमान. १९७० च्या दशकापर्यंत त्या वैभवाचा पाया खचला होता. लँकेशायरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या होत्या, गोदामे ओस होती, कामगार वस्त्या पाडून तेथे काँक्रीटच्या इमारती उभ्या राहत होत्या.

९/ ४ जून १९७६ रोजी त्याच इमारतीच्या लहान सभागृहात लंडनच्या ‘सेक्स पिस्टल्स’ या पंक बँडचा कार्यक्रम झाला. श्रोते मोजकेच. त्यांत सॅल्फर्डचे दोन तरुण होते, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक. वादनाचे शिक्षण नसतानाही गाता-वाजवता येते हा धडा त्यांनी तेथून घेतला. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. गायक म्हणून इयन कर्टिस आला, तो मॅकल्सफील्ड या जुन्या रेशीमगिरण्यांच्या गावचा. पुढे ड्रमवादक स्टीफन मॉरिस सामील झाला.

१०/ बँडचे पहिले नाव ‘वॉर्सा’. १९७८ च्या आरंभी ते बदलून ‘जॉय डिव्हिजन’ झाले. हे नाव नाझी छळछावण्यांवरील एका कादंबरीतून घेतलेले, जिथे स्त्रियांवर लादलेल्या लैंगिक गुलामीच्या विभागाला ते दिले होते. धक्का देण्याच्या पंक वृत्तीतून ते निवडले गेले असे म्हणून विषय संपवता येत नाही. दुसऱ्याच्या यातनेतून उचललेले नाव मिरवणे हा दोष होता आणि चाहत्यांनी तो दोष म्हणूनच नोंदवावा. दुःखाची दंतकथा करण्याची खोड या बँडच्या नावातच होती.

११/ संगीत मात्र खरोखर नवे होते. पंकमध्ये त्वेष होता, येथे त्वेष विझल्यानंतरची शांतता होती. हुकची बेस उंच सुरांत चाल वाजवी, कारण साधा ध्वनिवर्धक आणि समनरची कर्कश गिटार यांत खालचे सूर त्याला स्वतःलाच ऐकू येत नसत. अडचणीतून निघालेली ही युक्ती पुढे शैली ठरली. एप्रिल १९७९ मध्ये स्टॉकपोर्टच्या स्ट्रॉबेरी स्टुडिओत निर्माता मार्टिन हॅनेट याने ड्रमचे आवाज सुटे करून मुद्रित केले, लिफ्टचा आणि काच फुटण्याचा आवाज मिसळला. रिकाम्या गोदामात घुमावा तसा नाद तयार झाला.

१२/ १५ जून १९७९ रोजी ‘अननोन प्लेझर्स’ प्रसिद्ध झाली. प्रकाशक होती टोनी विल्सन यांची ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’. कारखाने मिटत चाललेल्या शहरात संगीताच्या कंपनीने ‘फॅक्टरी’ नाव घ्यावे, यात शहराची सारी कथा येते. महिनाभर आधी, मे महिन्यात, मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या होत्या. वेष्टनावरच्या त्या रेषा म्हणजे १९६७ साली जोसेलिन बेल बर्नेल यांनी शोधलेल्या पहिल्या पल्सारच्या स्पंदनांचा आलेख. आरेखनकार पीटर सॅव्हिल. याच सुमारास या संगीताला ‘गॉथिक’ हे विशेषण लागू लागले आणि पुढच्या गॉथिक रॉक परंपरेने या बँडला आपल्या पूर्वजांत बसवले.

१३/ येथून दंतकथा सुरू होते, म्हणून तपशील नीट पाहावेत. कर्टिस हा मॅकल्सफील्डच्या रोजगार कार्यालयात नोकरीला होता. अपंग व्यक्तींना काम मिळवून देणे हे त्याचे काम. तेथे येणाऱ्या, अपस्माराने पीडित एका तरुणीच्या मृत्यूतून ‘शीज लॉस्ट कंट्रोल’ हे गाणे निघाले. जानेवारी १९७९ मध्ये त्याला स्वतःलाच अपस्माराचे निदान झाले. विवाह, लहान मूल, विस्कटलेला संसार, रात्रीचे कार्यक्रम, अपुरी झोप आणि जड औषधे यांत तो जगत होता.

१४/ मंचावरील त्याचे झटके देणारे नृत्य प्रसिद्ध होते. नृत्य कोठे संपले आणि खरा झटका कोठे सुरू झाला हे प्रेक्षकांना कळत नसे. ते टाळ्या वाजवीत. त्याच्या सोबत्यांनी पुढे सांगितले की त्या शब्दांकडे त्यांनी तेव्हा लक्षच दिले नव्हते. त्याने जे लिहिले ते सर्वांसमोर होते, फक्त ते ‘कला’ म्हणून ऐकले गेले. १८ मे १९८० रोजी, अमेरिकेच्या दौऱ्यासाठी निघण्याच्या बेतात असताना, त्याने जीवन संपवले. वय २३.

१५/ जुलैमध्ये ‘क्लोजर’ ही दुसरी ध्वनिमुद्रिका निघाली आणि ब्रिटनच्या यादीत सहाव्या क्रमांकावर गेली. उरलेल्या तिघांनी जुने नाव सोडून ‘न्यू ऑर्डर’ या नावाने काम सुरू केले आणि १९८३ साली ‘ब्लू मंडे’ने नृत्यसंगीताची दिशा बदलली. म्हणजे कथा मृत्यूपाशी संपली नाही. उपचार, विश्रांती आणि काळ मिळाला असता तर त्या चौघांनी काय केले असते याची चुणूक तिघांच्या कामात आहे. तरीही चाहत्यांच्या मनात पुतळा उभा राहिला तो मृत्यूचाच.

१६/ आता पुन्हा यवतमाळ. १९ मार्च १९८६ रोजी जिल्ह्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी सहकुटुंब जीवन संपवले. महाराष्ट्रातील शेतकरी आत्महत्यांच्या चर्चेत ही पहिली नोंदली गेलेली घटना मानली जाते आणि दरवर्षी त्या दिवशी उपवास करून स्मरण केले जाते. कर्टिसच्या मृत्यूनंतर सहाच वर्षांनी ही घटना घडली. त्यानंतर या जिल्ह्यातून बातम्या येत राहिल्या आणि हळूहळू नावांच्या जागी बेरजा आल्या.

१७/ २००६ साली केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. मृतांच्या कुटुंबासाठी एक लाख रुपयांची मदत ठरली आणि प्रत्येक प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवू लागली. मदत हवीच होती, तिची टवाळी करण्याचे कारण नाही. पण ज्या समाजात मृत्यूलाही पात्रतेची अट लागते, तेथे जिवंतपणी माणसाने काय सांगितले होते हे विचारायला कोणी उरत नाही.

१८/ काहींना ही तुलनाच अप्रस्तुत वाटेल. कर्टिस हा आजारी कलावंत, शेतकरी हा कर्जबाजारी उत्पादक, दोघांना एका तागडीत कसे तोलावे? हरकत रास्त आहे. कारणे वेगळी आहेत आणि कोणत्याही आत्महत्येचे एकच कारण सांगणे हा अन्यायच. तुलना मृत्यूंची नाही, ऐकणाऱ्यांची आहे. तिकडे समाजाने वेदना सुंदर आहे म्हणून ऐकली, इकडे वेदना नेहमीची आहे म्हणून ऐकली नाही.

१९/ दोन चित्रपट शेजारी ठेवले तर हे अधिक स्पष्ट होते. २००७ चा अँटन कॉर्बिनदिग्दर्शित ‘कंट्रोल’ हा कर्टिसच्या पत्नीने, डेबोरा कर्टिस यांनी, लिहिलेल्या आठवणींवर आधारलेला. २००९ चा ‘गाभ्रीचा पाऊस’ हा सतीश मनवर यांचा चित्रपट विदर्भातील एका शेतकरी कुटुंबाचा. त्यातील पत्नी नवऱ्याने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून त्याला गोडधोड खाऊ घालते, मुलाला त्याच्या मागे पाठवते. दोन्ही ठिकाणी जी बाई घर सांभाळते तिच्या बाजूने पाहिले की दंतकथाही गळते आणि आकडाही.

२०/ पांढरकवड्याच्या परिसराला गाणे नवे नाही. गोंड आणि कोलाम समाजांची नृत्यगीते, दंडार, जात्यावरच्या ओव्या, तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने हा सारा ठेवा विदर्भाजवळ आहे. मँचेस्टरने आपल्या पडझडीचा आवाज मुद्रित केला, जपला, त्यावर पुस्तके आणि चित्रपट काढले. काळ्या मातीच्या पडझडीचा आवाज मात्र बहुधा बातमीच्या शेवटच्या ओळीत, ‘पश्चात पत्नी व दोन मुले’ एवढाच उरतो.

२१/ म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्यांसमोर काम आहे. वऱ्हाडच्या कापसाचा इतिहास भाव, गाठी आणि लोहमार्गापुरता न ठेवता, कापूस वेचणाऱ्या स्त्रियांची गाणी, पेरणीच्या आणि कर्जाच्या आठवणी, घरात मागे राहिलेल्यांचे बोल नोंदवून घ्यायला हवेत. तेही कोणी गेल्यानंतर नव्हे, माणसे समोर बसून बोलत आहेत तोवर. जॉय डिव्हिजनच्या कारकिर्दीतून घेण्यासारखा धडा हाच : शब्द वेळेवर ऐकावेत.

२२/ तो काळा टी-शर्ट जरूर घालावा, ती ध्वनिमुद्रिकाही ऐकावी. फक्त तिच्यामागे एक कामावर जाणारा, आजारी, थकलेला तरुण होता हे ध्यानात असावे. आणि कापड हाताला लागेल तेव्हा कापूस कोणत्या तरी शिवारात कोणी तरी वेचला होता, हेही.

२३/ शेवटची गोष्ट. हा थ्रेड वाचताना कोणाला स्वतःविषयी किंवा जवळच्या माणसाविषयी काळजी वाटली असेल, तर शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही, विनामूल्य उपलब्ध आहे. घरातल्या कोणाजवळ तरी आजच बोलावे. (समाप्त)