सही एकट्याची नको, गावाच्या अटींवर हवी
धाराशिव जिल्ह्यातील शेतकरी, ग्रामपंचायती आणि नागरिकांना जाहीर आवाहन

शेतकरी बंधू-भगिनींनो, सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्यहो,

बालाघाटच्या माथ्यावरचा वारा आणि वर्षातले आठ-नऊ महिने तळपणारे ऊन यांचा बाजारभाव आपल्याकडे कधी कुणी काढला नव्हता. आता तो निघू लागला आहे. भूम, वाशी, कळंब, तुळजापूर या तालुक्यांच्या शिवारांत पवनचक्क्या आल्या आहेत, कौडगावच्या औद्योगिक क्षेत्रात महानिर्मितीचा ५० मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेसाठी वीज उपकेंद्रांच्या आसपास जमिनी शोधल्या जात आहेत. या जमिनींचे करार एकदा झाले की पंचवीस-तीस वर्षे हलत नाहीत. आज सही करणाऱ्याच्या नातवालाही त्या अटी पाळाव्या लागतील. म्हणून आवाहन एकच आहे : पवन किंवा सौर प्रकल्पासाठी जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी तो विषय ग्रामसभेत मांडा, गावाच्या समान अटी लेखी ठरवा आणि त्या अटींवरच करार करा.

प्रकल्प अडवा, असे हे आवाहन मुळीच नाही. अशी वीज आपल्या भागाला इतरांपेक्षा जास्त गरजेची आहे, कारण आपल्याकडे पाणी नाही. शेजारच्या परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळसा बाहेरून आणता आला, पाणी कुठून आणणार? सौर पॅनेलला धुण्यापुरते पाणी लागते, पवनचक्कीला तेवढेही लागत नाही. दुसरी बाजू शेतीची. रात्री-अपरात्री वीज येणार म्हणून विंचू-सापाच्या भीतीत मोटार चालू करायला जाणे इथल्या शेतकऱ्याला नवे नाही. सौर वीज दिवसा तयार होते आणि शेतीला ती दिवसाच हवी असते. पावसाळ्यात आभाळ भरून येते तेव्हा सौर उत्पादन घटते, पण नेमक्या त्याच महिन्यांत नैर्ऋत्येचा वारा जोर धरतो. शिवाय धाराशिव शहर पिते ते उजनीचे पाणी विजेवरच चढून येते, आणि कृष्णा-मराठवाडा उपसा सिंचनाचे पाणी शिवारात खेळायचे तर त्यालाही वीजच लागणार. स्वस्त विजेवाचून दूरचे पाणी आपल्याला परवडणार नाही. देशाचा कलही तिकडेच आहे. जून २०२५ अखेर भारताची एकूण वीजनिर्मिती क्षमता सुमारे ४८५ गिगावॉट झाली आणि तिच्यातला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल यांच्याशिवायचा होता. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या युनिटांत अजूनही कोळसाच पुढे आहे, म्हणजे हे काम अर्ध्यावरही आलेले नाही आणि जमिनीची मागणी वाढतच जाणार आहे.

मागणी वाढत असताना विकणाऱ्याला चांगला भाव मिळायला हवा. आपल्याकडे बऱ्याचदा उलटे घडते आणि त्याचे कारण व्यवहाराच्या रचनेत आहे. पवनचक्की उभी राहते एका गटात, पण तिला लागते अख्खे शिवार. लांबलचक पाती वाहून नेणाऱ्या ट्रेलरला रस्ता लागतो, त्यासाठी बांध फुटतात आणि पाणंदी रुंद होतात. क्रेन उभी करायला सपाट जागा लागते. वीज उपकेंद्रापर्यंत न्यायची तर दहा-वीस जणांच्या रानातून तार जाते. म्हणजे पहिल्या गटाचा करार होईपर्यंत सौद्याची ताकद गावाकडे असते. तो झाला, चक्कीचा पाया भरला, की पुढच्या प्रत्येकाला ऐकवले जाते, ‘काम सुरू झाले आहे, तुम्हीच तेवढे अडून आहात.’ जमीन गोळा करणाऱ्या एजंटाला हे पक्के ठाऊक असते, म्हणून तो प्रत्येकाला वेगळा गाठतो, वेगळा आकडा सांगतो आणि ‘शेजाऱ्याला सांगू नका’ असेही बजावतो. एकाच बांधाच्या अलीकडे-पलीकडे दोन दर निघतात. ज्याच्या रानात चक्की त्याला भाडे मिळते, ज्याच्या पिकावरून तार गेली त्याच्या हाती एकदाची नुकसानभरपाई येते आणि ज्याच्या दारावरून सहा महिने ट्रेलर गेले त्याच्या वाट्याला धूळ येते. गावात तट पडतात ते इथूनच.

आता पैशाचा हिशेब पाहू. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये, म्हणजे एकरी पन्नास हजार आहे. कोरडवाहू सोयाबीन एकरी सात क्विंटल धरले आणि २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने पुरते विकले गेले असे मानले, तरी हाती सदतीस हजार येतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी, मळणी वजा व्हायची. आज पाहता भाडे सरस आहे. पण करार आजचा नसतो. या योजनेत भाडे दरवर्षी तीन टक्क्यांनी वाढते, ते सरळ पद्धतीने, म्हणजे वाढ कायम पहिल्या वर्षाच्या रकमेवर. पन्नास हजारांचे पंचविसाव्या वर्षी ८६ हजार होतात. तीच तीन टक्के वाढ चक्रवाढीने धरली तर एक लाख एक हजारांच्या पुढे जाते. महागाई वर्षाला पाच टक्के राहिली, तर पंचविसाव्या वर्षीच्या ८६ हजारांची किंमत आजच्या सत्तावीस हजारांपेक्षाही कमी भरेल. सरकारी योजनेतला दर ठरलेला असतो, तो घ्यायचा की नाही एवढेच आपल्या हातात. खासगी पवन प्रकल्पात मात्र वाढीची टक्केवारी आणि तिची पद्धत दोन्ही बोलून ठरवता येतात. पहिल्या वर्षीच्या आकड्यावर तासभर घासाघीस करणारे आपण वाढीच्या कलमावर दोन मिनिटेही थांबत नाही, आणि खरा पैसा तिथेच असतो.

कागदाच्याही काही बाबी गावाने मिळून पाहिल्या तरच नीट पाहिल्या जातात. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी दुय्यम निबंधकांकडे व्हावीच लागते. मुद्रांकावर टंकून नोटरी केलेला कागद दीर्घ मुदतीच्या वादात शेतकऱ्याच्या कामी येत नाही. सातबाऱ्यावर ज्यांचा हिस्सा आहे त्या सर्वांची संमती हवी, आणि त्यात लेकीही आल्या. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हक्क मुलांइतकाच आहे. प्रकल्प एका कंपनीकडून दुसरीकडे विकले जातात, तेव्हा नव्या मालकावरही सगळ्या अटी बंधनकारक राहतील हे कलम हवे. भाडे थकले तर व्याज किती, करार रद्द कधी करता येईल, जमीन तारण ठेवण्याचा अधिकार कुणाला, हे लिहिलेले हवे. मुदत संपल्यावर मनोरा कोण उतरवणार आणि जमिनीत खोल भरलेले काँक्रीट कोण काढणार, हेही आत्ताच ठरले पाहिजे, आणि त्या खर्चाची हमी आधी ठेवून घेतली पाहिजे. तारांचा प्रश्न वेगळा आहे. उच्चदाब पारेषण वाहिन्यांसाठी केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने जून २०२४ मध्ये मनोऱ्याखालच्या जमिनीला तिच्या मूल्याच्या २०० टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला ३० टक्के मोबदल्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. पण ती ६६ केव्ही आणि त्यावरच्या वाहिन्यांसाठी आहेत. पवनचक्क्यांना जोडणाऱ्या अंतर्गत वाहिन्या बहुधा ३३ केव्हीच्या असतात. त्यांचा मोबदला करारातच ठरवून घेतला नाही, तर मागायला आधार उरत नाही.

उघड व्यवहाराची गरज पैशापुरती नाही. ९ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या केज तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेने आरोपपत्रात मांडले आहे. न्यायालय आपले काम करील. आपण घ्यायचा धडा असा की, जिथे दर गुपित असतात, कंत्राटे गुपित असतात आणि जमीन कुणामार्फत गेली हेही गुपित असते, तिथे मधल्या माणसांची आणि दहशतीची चलती होते. दर ग्रामसभेच्या फलकावर लागला, मुरूम, वाहतूक, सुरक्षारक्षक यांची कामे कुणाला कोणत्या अटीवर दिली हे जाहीर झाले, की एजंटाचा आणि गुंडाचा वावच आक्रसतो. प्रामाणिक कंपनीलाही तेच सोयीचे आहे.

या प्रकल्पांवर आणि या आवाहनावर काही आक्षेप घेतले जातात. पहिला : ‘पवनचक्क्या ढग पळवतात, पाऊस कमी होतो.’ वीसेक वर्षांपूर्वी सातारा-सांगलीकडेही हेच बोलले जात होते. पात्याचे टोक जमिनीपासून साधारण दोनशे मीटरच्या आसपास उंच जाते. पाऊस देणारे ढग त्याच्या कितीतरी वर, कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत पसरलेले असतात, आणि मोसमी वारे हजारो किलोमीटरवरून येतात. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा या माथ्यावर एकही पवनचक्की नव्हती. तरीही या समजाला हसून उडवू नये. ज्याला चक्कीतून काहीच मिळत नाही आणि घरघर तेवढी ऐकावी लागते, त्याच्या मनात असा संशय रुजतो. घरांपासूनचे अंतर आणि आवाज यांच्या अटी घातल्या, लाभात सगळ्या गावाला वाटा मिळाला, तर त्या संशयाचे मूळच सुकेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ‘अटी घातल्या तर कंपनी दुसऱ्या गावात जाईल.’ अवाजवी अटी घातल्या तर जाईलही, म्हणून अटी वाजवी हव्यात. पण कारखाना जसा सवलत मिळेल तिथे हलतो तसा वारा हलत नाही. चांगल्या वाऱ्याचे माथे मोजके आहेत, आणि प्रकल्पासाठी वाऱ्याची मोजणी, उपकेंद्राची जोडणी, परवानग्या यांवर आधीच पैसा ओतलेला असतो. कंपनीला सर्वांत महाग पडतो तो अर्ध्यावर थांबलेला प्रकल्प. एकाच बैठकीत संपूर्ण गावाशी स्वच्छ करार होत असेल तर तिचेही महिने वाचतात. आणि शेजारच्या चार गावांनी सारख्याच अटी ठरवल्या, तर ‘दुसऱ्या गावात जातो’ ही धमकीच पोकळ ठरते.

तिसरा : ‘जमीन माझी, त्यात ग्रामसभेचा काय संबंध?’ कायद्याने पाहता हे खरे आहे. आपला जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही, त्यामुळे खासगी जमिनीचा भाडेपट्टा ग्रामसभा रोखू शकत नाही, आणि रोखूही नये. इथे अपेक्षा परवानगीची नाही, एकजुटीची आहे. करार ज्याचा त्यानेच करायचा. किमान दर, वाढीची पद्धत, तारांचा मोबदला, रस्त्यांची दुरुस्ती एवढ्या गोष्टी सगळ्यांच्या सारख्या ठेवायच्या. कुणाला कर्ज किंवा लग्नकार्यामुळे एकरकमी पैसे हवे असतील, तर जमीन विकून टाकण्यापेक्षा भाड्याची आगाऊ उचल मागता येते. गायरानाची गोष्ट निराळी आहे. ते गावाचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी जपण्याचा दंडक घालून दिला. गायरानावर सौर प्रकल्प यायचा असेल तर शेळ्या-मेंढ्या आणि जनावरे कुठे चरतील, भूमिहीन कुटुंबांचे काय होईल, याचे उत्तर ठरावात आधी आले पाहिजे. एक मेगावॉटला चारेक एकर लागतात, तेवढी पडीक जमीन पुष्कळ ठिकाणी सापडते. बागायत रान आणि चराऊ कुरण त्यासाठी मोडायचे कारण नाही.

‘वीज बाहेर जाणार, आम्हाला काय?’ असेही विचारले जाते. सौर कृषी वाहिनीचे तत्त्वच स्थानिक आहे : उपकेंद्राजवळ वीज तयार करायची आणि त्याच उपकेंद्रावरच्या शेतीपंपांना दिवसा पुरवायची. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये याच रीतीने सुरू झाला. योजनेत ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरवर्षी पाच लाख रुपये देण्याचीही तरतूद आहे. प्रकल्प आलेल्या गावाने ती रक्कम मिळाली का आणि कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारावे. छपराचा मार्ग तर कुणावरच अवलंबून नाही. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला साठ हजार आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, आणि एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट वीज देतो. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम ठरली ती गावाने मिळून ठरवल्यामुळेच.

तेव्हा विनंती अशी. येत्या ग्रामसभेची वाट न पाहता विशेष ग्रामसभा बोलवा. त्यात महिला, भूमिहीन आणि मेंढपाळ यांना ठरवून बोलू द्या. पाच-सात जणांची समिती नेमा आणि तिच्यात किमान निम्म्या महिला असू द्या. झालेल्या करारांच्या प्रती मागवून वाचा, तालुक्यातल्या वकिलाकडून समान कराराचा मसुदा करून घ्या आणि तो चावडीवर लावा. शेजारच्या गावांना तो पाठवा. ज्यांनी आधीच सही केली आहे त्यांना दोष देऊ नका. त्यांचे करार वाचूनच पुढच्यांचे कलम नीट लिहिता येईल, आणि मुदतवाढीच्या वेळी त्यांनाही गावाच्या अटींचा आधार मिळेल. लोकप्रतिनिधींना विनंती, की जिल्ह्यासाठी सोप्या मराठीत भाडेपट्ट्याचा नमुना जाहीर व्हावा यासाठी प्रशासनाकडे पाठपुरावा करावा. शिकलेल्या तरुणांनी गावातले करार वाचून समजावण्याचे काम हाती घ्यावे. तुमच्या गावात एजंट येऊन गेला असेल, तर ही ग्रामसभा याच महिन्यात घ्या.

आपला,
धाराशिव जिल्ह्यातील एक नागरिक