सैराटचा वाडा आणि चार जॅकेटं

मंडळी, सुट्टी लागली की पुण्या-मुंबईचे पाहुणे आले, आणि पाहुणे आले की एकच मागणी : "मामा, सैराटचा वाडा दाखवा." सिनेमा आला २९ एप्रिल २०१६ ला. माझी भाची तेव्हा दोन वर्षांची होती. तरी तिला गाणी पाठ, आणि आर्ची-परश्या कुठं बसले होते तेही मोबाईलमध्ये काढून तयार. नागराज आपल्या जेऊरचा, त्यामुळं आपल्यालाही दाखवताना छाती फुगतेच, खोटं कशाला बोला!

तर मे महिन्यात सगळं कुटुंब घेऊन कुगावला गेलो. इनामदारांचा वाडा वर्षातला बराच काळ उजनीच्या पाण्यात असतो. धरण खाली गेलं की बुरूज, भिंती बाहेर येतात. सिनेमावाल्यांनी तो सेट लावलेला नाही, हे पोरांना सांगावं लागलं. १९८० च्या सुमारास भीमेवर ११७ टीएमसीचं धरण उभं राहिलं आणि जुनं कुगाव त्याखाली गेलं. आपण जिथं सेल्फी काढतो तिथं कुणाची तरी चूल होती. पाण्याकडं बघत बसलेल्या एका आजोबांनी भाच्याला बोट दाखवून सांगितलं, "तिकडं आमचं घर." पोरगं दोन मिनिटं मोबाईल खिशात ठेवून बघत राहिलं. मला वाटतं त्या दिवसाची खरी सहल तेवढीच.

पण मला लिहायचंय ते होडीबद्दल.

वाड्याभोवती अजून पाणी होतं. होडीत आम्ही अकराजण, त्यात चार लेकरं. जॅकेटं चार. तीही खाली टाकलेली, बसायला मऊ लागावं म्हणून. मी बसलो. गुपचूप बसलो. बायको म्हणाली, "अहो, पोरांना जॅकेट तरी घाला. दोन वर्षांपूर्वी बातम्या तुम्हीच लिहिल्या होत्या ना?"

लिहिल्या होत्या. २१ मे २०२४. कुगावहून कळाशीला निघालेली बोट संध्याकाळच्या वादळात उलटली. एकजण पोहत काठाला आला, सहाजण गेले. त्यात दोन चिमुकली होती. तीन दिवस काठावर उभा होतो. आणि स्वतःची पोरं घेऊन गेलो तर तोंडातून शब्द निघाला नाही, कारण पाहुण्यांसमोर "घाबरट" कोण म्हणवून घेणार?

गणित साधं आहे. वाडा उघडा पडतो उन्हाळ्यात. सुट्टीही उन्हाळ्यात. आणि वळवाचं वारंही त्याच दिवसांत, बहुतेक दुपार कलल्यावर. माणसं उन्हं उतरली की निघतात, कारण फोटोला उजेड चांगला मिळतो. म्हणजे नेमकं वाईट वेळेला पाण्यात.

होडीवाल्याला शिव्या घालून मोकळं व्हायला मी तयार नाही. मासे कमी मिळतात तेव्हा पाहुण्यांचे दोनशे-तीनशे रुपये त्याला हवेच असतात. शिरसोडी-कुगाव पूल मंजूर झालाय, तो झाला की पलीकडं जाणाऱ्यांची सोय होईल. पण पूल वाड्याला जात नाही. तिथं होडीच लागणार. मग होडीत किती माणसं हे होडीवर रंगवून लिहायला काय लागतं? जॅकेटाशिवाय पाय ठेवायचा नाही, दुपारी तीननंतर होडी सोडायची नाही, हे ग्रामपंचायत आणि जलसंपदाच्या साहेबांनी एका बैठकीत ठरवावं. पर्यटन विकासाचे फ्लेक्स लावताना खर्च परवडतो, मग अकरा जॅकेटं जड जातात होय?

आणि आपणही. भाडं ठरवताना दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा माणूस जॅकेट मागायला लाजतो, हे मी स्वतःवरून सांगतोय.

येत्या रविवारी साडूकडची मंडळी यायचीत. त्यांना सकाळी सातची वेळ दिलीय. बारक्यांच्या मापाची दोन जॅकेटं मी कालच आणून ठेवलीत.