निळ्या खुणा आणि उधारीची वही



चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झाले. इंद्रायणीकाठच्या या गावाच्या शिवारात आज गृहसंकुले उभी आहेत आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणारी अनेक कुटुंबे त्यांत राहतात. अशा वस्तीत किराण्याची यादी ग्राहकाच्या आधी दुकानात पोहोचते, ती व्हॉट्सॲपवरून.

अमेरिकेतील दुकान ग्राहकाला बहुधा ई-मेलने गाठते. आपल्याकडे फोनचा क्रमांक हीच ओळख झाली आहे. त्याच क्रमांकावर संदेश येतो आणि त्याच क्रमांकावर यूपीआयने पैसेही येतात. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीचा एक नियम व्यापाऱ्याने ध्यानात घेण्याजोगा आहे. ज्याने आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. म्हणजे दुकानाची जाहिरातसुद्धा आधी ओळख मागते. आपल्या पेढ्या पिढ्यानपिढ्या याच रीतीने चालत आल्या, त्यामुळे हे माध्यम आपल्या बाजारात इतके सहज रुजले याचे नवल वाटत नाही.

अडचण येते ती उधारीपाशी. जुने मुनीम वसुलीला जात तेव्हा प्रथम पाणी घेत, मुलाबाळांची चौकशी करीत आणि उठता उठता चिठ्ठी हातात ठेवीत. शेजाऱ्याला त्याचा पत्ता लागत नसे. आता काही तरुण व्यापारी थकबाकीदारांची नावे आणि रकमा थेट सोसायटीच्या गटात टाकतात. ‘खोटे थोडेच लिहिले आहे?’ असा त्यांचा प्रश्न असतो. कायद्याचे उत्तर त्यांना रुचणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ नुसार बदनामीच्या फौजदारी आरोपातून सुटण्यास मजकूर केवळ खरा असून भागत नाही, तो प्रसिद्ध करण्यात सार्वजनिक हितही असावे लागते. चार हजारांच्या तेल-साखरेत ते कोठून दाखविणार? शिवाय ज्याचे नाव गटात आले, तो पैसे चुकते करील कदाचित, परंतु त्या दुकानाची पायरी पुन्हा चढणार नाही.

खाजगी संदेशाचे बळ मात्र अनेकांना ठाऊक नसते. जून २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचे एक प्रकरण होते. नोटीस टाळणाऱ्या माणसाला ती व्हॉट्सॲपवर पीडीएफ स्वरूपात पाठविण्यात आली होती. संदेश पोहोचला आणि जोडलेली नोटीस उघडलीही गेली, हे त्या खुणांवरून दिसते, असे मानून न्या. गौतम पटेल यांनी नोटीस बजावली गेल्याचे ग्राह्य धरले. निळ्या खुणेने पैसे वसूल होत नाहीत, हे खरे. पण ‘मला कळविलेच नाही’ ही सबब तिने त्या प्रकरणात संपविली.

म्हणून आठवण एकट्यालाच पाठवावी, आणि तीत बिलाचा क्रमांक, तारीख व रक्कम स्पष्ट लिहावी. ‘जरा बघा ना शेठ’ एवढ्यावर भागवू नये. बिलाची पीडीएफ जोडावी. आपोआप नाहीसे होणारे संदेश त्या संभाषणात बंद ठेवावेत. केवळ छायाचित्रावर विसंबू नये, कारण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. फोन बदलताना जुने संभाषण जपणे त्यामुळेच महत्त्वाचे ठरते.

काही ग्राहक वाचल्याची खूण बंद करून ठेवतात. तेथे दोन्ही खुणा करड्याच राहतात. अशा वेळी पोचपावतीसह टपालाने पत्र धाडावे, किंवा सायंकाळी दुकान बंद करून त्यांच्या घरी जाऊन यावे. चऱ्होलीत ते अंतर क्वचितच दहा-पंधरा मिनिटांहून अधिक असते.