एकाच साच्यातील संकेतस्थळे

देखणी वेबसाइट आता काही मिनिटांत तयार होते. पण सगळ्याच देखण्या झाल्या, तर वेगळी कोणती म्हणायची? आणि या झगमगाटात मराठी अक्षराच्या वाट्याला काय येते? एक विश्लेषण.

वेबसाइटवरील बटणांच्या रंगाबद्दल एखाद्या तंत्रज्ञाने साऱ्या जगाची माफी मागावी, हा प्रसंग तसा गमतीचाच. २०२५ मध्ये तो घडला. 'टेलविंड' या लोकप्रिय आज्ञावलीचे जनक ॲडम वॉथन यांनी थट्टेच्या सुरात जाहीर दिलगिरी व्यक्त केली. संकेतस्थळांसाठी लागणाऱ्या तयार घटकांचा जो संच त्यांनी पाच वर्षांपूर्वी बाजारात आणला, त्यातील बटणांना त्यांनी निळसर जांभळा रंग दिला होता. त्या संचाच्या आधारे असंख्य पाने तयार झाली. तीच पाने पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणांच्या अभ्यासात आली आणि 'छानशी वेबसाइट बनव' असे सांगताच यंत्र हमखास जांभळे बटण पुढे करू लागले, असा त्यांच्या थट्टेचा मथितार्थ.

थट्टेचा भाग सोडला, तरी तिच्यामागचा प्रश्न गंभीर आहे. नुसते तोंडी वर्णन करून यंत्राकडून आज्ञावली लिहून घेण्याच्या प्रकाराला 'व्हाइब कोडिंग' असे नाव पडले असून, कॉलिन्स शब्दकोशाने २०२५ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. 'व्हीझीरो', 'लव्हेबल', 'फिग्मा मेक' अशा साधनांनी संकेतस्थळाचे दर्शनी रूप घडविण्याचे काम अक्षरशः कोणाच्याही आवाक्यात आणून ठेवले आहे. एखादी शाळा, गृहउद्योग, सहकारी संस्था किंवा नाट्यमंडळ यांना पूर्वी जे खर्चामुळे जमत नव्हते, ते आता जमू शकते. ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र या साऱ्यांची पाने शेजारी शेजारी ठेवली तर कोणते पान कोणाचे, हे नाव झाकल्यावर ओळखता येणार नाही. मध्यभागी मोठे शीर्षक, खाली दोन बटणे, त्याखाली गोलसर कोपऱ्यांच्या तीन चौकटी, प्रत्येक चौकटीत एक चिन्ह आणि मागे हलकी रंगछटा. लोणच्याच्या व्यवसायाचे पान आणि हिशेबाच्या आज्ञावलीचे पान यांत फरक उरतो तो केवळ मजकुराचा.

साचा आला कोठून?

या एकसारखेपणाचे सारे खापर कृत्रिम बुद्धिमत्तेवर फोडणे मात्र अन्यायाचे ठरेल. १९९१ मध्ये युरोपातील 'सर्न' या संशोधन संस्थेत पहिले संकेतस्थळ अवतरले, तेव्हा त्यावर केवळ मजकूर आणि दुवे होते. पुढील दशकात चित्रे, रंग आणि हलत्या आकृत्यांचा सुळसुळाट झाला. २००३ मध्ये डेव्ह शे यांनी 'सीएसएस झेन गार्डन' हा उपक्रम सुरू केला. मजकूर तोच ठेवायचा आणि केवळ रूपाचे नियम बदलून त्याला निराळा पेहराव चढवायचा, अशी ती कल्पना होती. जगभरच्या रचनाकारांनी एकाच मजकुराची शेकडो रूपे करून दाखविली. आशय आणि रूप यांची फारकत करता येते, हे त्या उपक्रमाने सिद्ध केले. पुढे नेमक्या याच फारकतीतून तयार साच्यांचा बाजार उभा राहिला, ही त्यातील विसंगती म्हणावी लागेल.

२००७ मध्ये आयफोन आला आणि पानाची रुंदी निश्चित असण्याचे दिवस संपले. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याच्या आकारानुसार बदलणाऱ्या रचनेची कल्पना मांडली. ही कसरत प्रत्येकाने नव्याने करणे परवडणारे नव्हते. म्हणून २०११ मध्ये ट्विटरच्या तंत्रज्ञांनी 'बूटस्ट्रॅप' हा तयार संच मोफत खुला केला. २०१४ मध्ये गुगलने 'मटेरियल डिझाइन'ची नियमावली दिली, तर २०१७ मध्ये 'टेलविंड' आले. प्रत्येक पायरीवर काम सोपे होत गेले आणि त्याबरोबर निवडीला असलेला वावही आक्रसत गेला. कृत्रिम बुद्धिमत्तेने या प्रवासाचा वेग वाढविला, एवढेच. अनेकांनी केलेल्या निवडींची सरासरी काढणे हा तिचा स्वभाव आहे, आणि सरासरीतून व्यक्तिमत्त्व सहसा गळून पडते.

सारखेपणा कोठे हवा?

सारखेपणा सर्वत्र वाईट असतो असेही नाही. ब्रिटनने २०१२ मध्ये सरकारी खात्यांची विखुरलेली संकेतस्थळे एका छत्राखाली आणून 'गव्ह डॉट यूके' सुरू केले. पांढरी पार्श्वभूमी, काळी ठळक अक्षरे आणि सोपी भाषा एवढाच त्याचा थाट. २०१३ मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने वर्षातील सर्वोत्तम रचनेचा पुरस्कार या साध्या पानांना दिला. आपल्याकडेही केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्व खात्यांच्या संकेतस्थळांसाठी समान ओळखीची नियमपुस्तिका जाहीर केली. रंग, अक्षरे, चिन्हे आणि मांडणी यांत एकवाक्यता आणणे हा तिचा हेतू आहे. दाखला किंवा निवृत्तिवेतन यांसाठी येणाऱ्या नागरिकाला प्रत्येक खात्याचे पान नव्याने शिकावे लागू नये, हे योग्यच आहे. शासनाच्या पानाने ओळखीचे असावे. पण पुस्तक प्रकाशक, नाट्यसंस्था, वस्तुसंग्रहालय किंवा व्यापारी यांची गरज नेमकी उलट असते. गर्दीत आपण वेगळे दिसावे यासाठीच तर ते खर्च करतात.

वेगळेपणाच्या नावाखाली काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण ॲपलने घालून दिले. जून २०२५ मध्ये कंपनीने 'लिक्विड ग्लास' नावाची काचेसारखी पारदर्शक रचना जाहीर केली. डोळ्यांना ती मोहक वाटली. मात्र मागील चित्र पुढील अक्षरांत मिसळून वाचन कठीण होते, अशी टीका रचनेच्या अभ्यासकांनी केली. अखेर काही महिन्यांतच ही पारदर्शकता कमी करण्याचा पर्याय कंपनीला द्यावा लागला. जेथे रचनाकारांची फौज हाताशी आहे तेथे ही गत, तर इतरांची काय कथा? 'वेबएम' ही अमेरिकेतील संस्था दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठांची यांत्रिक तपासणी करते. २०२५ च्या तपासणीत ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष आढळले. सर्वाधिक आढळलेला दोष अगदी साधा होता. ७९.१ टक्के पानांवरील काही अक्षरे पार्श्वभूमीच्या मानाने फिकट होती. नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील प्रमाण किमान साडेचारास एक असावे, असा आंतरराष्ट्रीय निकष आहे. पांढऱ्यावर करडे अक्षर 'उंची' वाटते म्हणून हा निकष सर्रास धाब्यावर बसविला जातो.

मराठी अक्षराची उपेक्षा

मराठी वाचकाच्या दृष्टीने खरी मेख यापुढेच आहे. हे सारे साचे रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून घडविले गेले आहेत. इंग्रजी शीर्षकात अक्षरांमधील अंतर वाढविले की ते ऐटबाज दिसते. तोच नियम देवनागरीला लावला की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची विटेसारखी शकले होतात. इंग्रजी ओळी जवळ जवळ बसविल्या तर चालतात. देवनागरीत वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षराची शेपटी असते. ओळींमधील अंतर कमी केले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेवर आदळतो. बटणाच्या चौकटीत तर उकार चक्क कापला जातो. 'सबमिट'साठी आखलेल्या बटणात 'अर्ज सादर करा' मावत नाही. जोडाक्षरात तेवढ्याच उंचीत अधिक रेषा दाटीने बसतात, त्यामुळे इंग्रजीला पुरणारा बारीक आकार मराठीला अपुरा पडतो. मोठ्या लिपीतील ठळक अक्षरे आणि तिरकी अक्षरे हे इंग्रजीचे दोन हुकमी अलंकार देवनागरीत एक तर नाहीतच, किंवा उसने वाटतात.

याहून सूक्ष्म चूक टंकाच्या निवडीत होते. रचनाकार आवडीचा इंग्रजी टंक निवडतो, त्यात देवनागरी अक्षरेच नसतात. मग वाचकाच्या यंत्रात जो टंक सापडेल तो मराठीसाठी वापरला जातो. परिणामी एकाच ओळीत आकडे एका वळणाचे आणि अक्षरे दुसऱ्याच, असे कडबोळे तयार होते. पानाची भाषा मराठी आहे हे आज्ञावलीत नोंदविण्याचे कष्टही बहुधा घेतले जात नाहीत. अवघ्या दोन अक्षरांची ही नोंद असली, की तशी सोय असलेले टंक मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' दाखवितात. महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने याच वळणाला प्रमाण मानले आहे. अंध व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या आज्ञावलीलाही उच्चार कोणत्या भाषेचे करायचे, हे या नोंदीवरूनच कळते. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. हा भेद दाखविणारा अर्धा 'र' प्रत्येक टंकात नीट उमटतोच असे नाही. काही मंडळी या कटकटीतून सुटण्यासाठी शीर्षकाचे चित्रच पानावर चिकटवितात. ते शोधयंत्राला सापडत नाही आणि वर्णन न जोडल्यास अंध वाचकापर्यंतही पोहोचत नाही.

एके काळी या अडचणींना सबब होती. या शतकाच्या आरंभी प्रत्येक मराठी संकेतस्थळाचा टंक निराळा असे आणि तो उतरवून घेतल्याखेरीज पान वाचता येत नसे. युनिकोडने ती अडचण दूर केली. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केलेले रघुनाथ कृष्ण जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडविलेला 'मंगल' हा टंक घरोघरच्या संगणकांवर पोहोचला. आज मुंबईच्या 'एक टाइप'चे 'मुक्त' आणि 'बालू', अहमदाबादच्या 'इंडियन टाइप फाउंड्री'चा 'हिंद', खास मराठी वळणासाठी स्वतंत्र आवृत्ती असलेला 'तिरो देवनागरी' असे टंक विनामूल्य उपलब्ध आहेत. राज्य मराठी विकास संस्थेने 'यशोमुद्रा'ही उपलब्ध करून दिला आहे. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकांच्या फायली जड असतात आणि पान उघडायला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण एकच टंक आणि त्याच्या दोनच जाडी वापरल्या, तर तो भार सहज पेलता येतो. मुखपृष्ठावरील हलत्या चित्रफितीपेक्षा तो कितीतरी हलका असतो.

प्रश्न हक्काचाही

दर्शनी रूप हा केवळ रसिकतेचा विषय राहिलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. ओळख पटविण्यासाठी पडद्यासमोर पापण्या मिटण्याची अट ॲसिड हल्ल्यातील पीडितांना आणि अंध व्यक्तींना पूर्ण करता येत नव्हती, त्यातून हे प्रकरण उभे राहिले होते. त्यापाठोपाठ जुलै २०२५ मध्ये 'सेबी'ने आपल्या अखत्यारीतील संस्थांना सुगम्यतेचे निकष पाळण्याचे निर्देश दिले. ग्राहकाला फसविणाऱ्या १३ प्रकारच्या मांडणींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच बंदी घातली आहे. चुकीच्या रचनेने माणूस सेवेबाहेर फेकला जातो, ही बाब आता कायद्यानेही मान्य केली आहे. मोबाइलच्या लहान पडद्यावर फिकट आणि कापलेली मराठी अक्षरे वाचत पीक विम्याचा अर्ज भरणाऱ्या शेतकऱ्याचा किंवा चाळिशीचा चष्मा लागलेल्या गृहिणीचा विचारही याच भूमिकेतून व्हायला हवा.

मग वेगळेपणा आणायचा कोठून? त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके वृत्तपत्रांच्या अरुंद स्तंभात, काळ्या-पांढऱ्या शाईत घडविली. ना रंग, ना हालचाल. तरीही नाटकाची प्रकृती अक्षराच्या वळणातून कळत असे आणि प्रत्येक नाटकाला स्वतःचा चेहरा मिळत असे. आशय आधी समजून घेणे आणि मग अक्षराला हात घालणे, हा त्यामागचा क्रम होता. यंत्राला काम सांगतानाही हाच क्रम पाळता येतो. संस्था कोणती, वाचक कोण, तो कोणत्या यंत्रावर वाचणार, हे आधी ठरवावे. खरा मराठी मजकूर सुरुवातीपासूनच पानात भरावा. इंग्रजी नमुना मजकुरावर रचना मंजूर करून मराठी नंतर ओतण्याची पद्धत बंद करावी. टंक मराठीसाठी निवडावा आणि इंग्रजी त्याच्या जोडीला बसवावे. आणि तयार झालेले पान साध्या मोबाइलवर, भर उन्हात, वयस्कर माणसाच्या हाती देऊन पाहावे.

चकचकीतपणा यापुढे स्वस्त होत जाणार, यात शंका नाही. जे फुकट मिळते त्याने कोणाची ओळख ठरत नाही. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनीच साजरा केला. त्या भाषेचे अक्षर पडद्यावर अखंड शिरोरेषेसह, न कापता आणि स्वच्छ दिसावे, एवढी अपेक्षा तरी तिच्या वाचकाने बाळगायला हरकत नसावी. ती पूर्ण करण्याची जबाबदारी यंत्रावर ढकलता येणार नाही. पान मंजूर करणाऱ्या माणसालाच ती स्वीकारावी लागेल.