महागाईची चर्चा आणि पिकविणाराचा हिशेब

महागाई वाढली म्हणजे देशांत दोन ठिकाणीं आवाज उठतो. एक घरांतील चुलीपाशीं व दुसरा कायदेमंडळांत. चुलीपाशींचा आवाज रोजचा असतो, आणि तो खरा असतो. कायदेमंडळांतील आवाज वर्षांतून एखाद्या वेळीं उठतो, आणि तो कितपत खरा आहे हें ज्याचें त्यानें तपासून घ्यावें लागतें. शेतकऱ्यानें तर तें अवश्य तपासावें. कारण त्या चर्चेचा निकाल पुष्कळदां त्याच्याच खळ्यावर लागतो. आमच्या वाचकांपुढें आज हाच विषय मांडावयाचा आहे.

उदाहरणादाखल सन २०२२ मधील चर्चा घेऊं. त्या वर्षीं १८ जुलै रोजीं संसदेचें पावसाळी अधिवेशन सुरू झालें, आणि त्याच दिवसापासून पिशवींत भरून छाप मारलेलें धान्य, डाळ, पीठ, दहीं, ताक, गूळ इत्यादि जिनसांवर ५ टक्के वस्तु व सेवा कर लागू झाला. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी हजार रुपयांच्या वर गेली होती. जून महिन्याचा किरकोळ महागाईचा दर ७.०१ टक्के निघाला होता. विरोधी पक्षांनीं ताबडतोब चर्चा मागितली. अर्थमंत्री आजारी आहेत, त्या बऱ्या होतांच चर्चा करूं, असें सरकार पक्षाचें म्हणणें पडलें. सभागृहांत फलक झळकले, घोषणा झाल्या, २५ जुलै रोजीं लोकसभेच्या ४ सभासदांस निलंबित करण्यांत आलें, आणि पहिले दोन आठवडे बहुतांशीं गोंधळांतच गेले. अखेर १ ऑगस्ट रोजीं निलंबन मागें घेण्यांत आलें व लोकसभेंत चर्चा झाली. दुसऱ्या दिवशीं ती राज्यसभेंत झाली. लोकसभेंतील चर्चा १९३ व्या नियमाखालीं होती, आणि त्या नियमाखालीं चर्चेच्या शेवटीं मतदान होत नसतें. म्हणजे दोन आठवडे भांडून जें मिळविलें, त्यांतून ठराव असा कांहींच निघावयाचा नव्हता.

चर्चेंत काय झालें? विरोधी सभासदांनीं गॅस, पीठ व दही यांचे भाव वाचून दाखविले. अर्थमंत्री श्रीमती निर्मला सीतारामन यांनीं पूर्वीच्या सरकारच्या काळांतील महागाईचे आंकडे पुढें केले व इतर देशांच्या मानानें आपली स्थिति बरी आहे असें प्रतिपादन केलें. त्यांचें उत्तर चालू असतां काँग्रेसचे सभासद सभात्याग करून गेले. तृणमूल काँग्रेसच्या श्रीमती काकोली घोष दस्तिदार यांनीं गॅस इतका महाग झाल्यावर भाजी काय कच्चीच खावयाची, असा सवाल करून सभागृहांत एक कच्चें वांगें दांतांनीं तोडून दाखविलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांतून त्या वांग्याची फार वाहवा झाली. आम्ही तो वृत्तांत लक्षपूर्वक वाचला. वांगें शिजविण्यास काय खर्च येतो हें त्यांतून चांगलें समजलें. परंतु तें वांगें पिकविणाराच्या पदरीं काय पडलें, हा प्रश्न कांहीं आमच्या वाचनांत आला नाहीं.

येथें कोणीं असें समजूं नये कीं, महागाईची तक्रार खोटी आहे असें आम्हांस म्हणावयाचें आहे. तसें म्हणणें हा आपल्याच माणसांशीं द्रोह होईल. महाराष्ट्रास या प्रश्नाचीं दोन्ही टोकें ठाऊक आहेत. १९७२ च्या दुष्काळी काळांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर प्रभृति स्त्रियांनीं महागाईविरुद्ध मुंबईंत समिति उभारली, आणि हजारों गृहिणी लाटणें हातीं घेऊन रस्त्यावर आल्या. पुढें १९८० सालीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं चाकण व नाशिक भागांतील कांदेवाला शेतकरी भावासाठीं त्याच रस्त्यावर येऊन बसला. एक म्हणे माल परवडत नाहीं. दुसरा म्हणे माल पिकविणें परवडत नाहीं. दोघेही खरेंच बोलत होते. शिवाय, शेतकरी केवळ विकणारा आहे ही समजूतही आतां सोडली पाहिजे. सन २०१८-१९ च्या सरकारी पाहणीप्रमाणें देशांतील शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतें. त्यांत पिकापासून ३,७९८ रुपये व मजुरीपासून ४,०६३ रुपये. पिकापेक्षां मजुरीवर अधिक जगणारें घर बाजारांत तेल, डाळ, गॅस विकत घेणारच. तेव्हां महागाईचा चटका त्यालाही बसतो. म्हणून “भाव वाढूं द्या, आमचें भलें होईल” अशी हाकाटी आपण करूं नये. आपली तक्रार निराळी आहे.

ती अशी कीं, महागाई मोजण्याचें माप एकाच बाजूचें आहे. ज्या निर्देशांकावर २०२२ ची चर्चा झाली, तो २०१२ सालच्या पायावरील होता व त्यांत खाद्यपदार्थांचें वजन ४५.८६ टक्के होतें. सन २०१६ पासून रिझर्व्ह बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर २ टक्के खालींवर, राखण्याचें बंधन आहे. मापांत जवळजवळ निम्मा भाग अन्नाचा, आणि मापाला तर मर्यादा घातलेली. अशा वेळीं माप खालीं आणण्याचा सर्वांत झटपट उपाय कोणता, हें सांगण्यास अर्थशास्त्री लागत नाहीं. निर्यातीचें दार लावलें कीं माल देशांत तुंबतो व भाव उतरतो. १३ मे २०२२ रोजीं गव्हाची निर्यात बंद झाली, ती याच रीतीनें. तो निर्देशांक गृहिणीच्या पिशवीचा आहे; शेतकऱ्याचीं खतें, फवारणीचीं औषधें व मजुरी हीं त्यांत येत नाहींत. त्याचें विकावयाचें महाग झालें तर देश हलतो. त्याचें विकत घ्यावयाचें महाग झालें तर त्या मापाचा कांटा हालत नाहीं.

कांद्याची कथा याहून बोलकी आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं निर्यात बंद, मार्च २०२० मध्यें खुली. १४ सप्टेंबर २०२० रोजीं पुन्हां बंद, १ जानेवारी २०२१ रोजीं खुली. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं ४० टक्के निर्यातशुल्क. ८ डिसेंबर २०२३ पासून पूर्ण बंदी. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठली, तरी दर टनास ५५० डॉलर किमान किंमत व ४० टक्के शुल्क राहिलें. तें सप्टेंबर २०२४ मध्यें २० टक्क्यांवर आलें व १ एप्रिल २०२५ पासून निघालें. आतां या तारखांशेजारीं आपल्या शेतांतील तारखा मांडून पाहाव्या. उन्हाळी कांदा मार्च ते मे या काळांत काढला जातो व चाळींत भरून ठेवला जातो. पुढील चार-पांच महिने त्यास घट येते, कोंब फुटतात, कांहीं माल सडतो. ही सर्व जोखीम शेतकरी सोसतो, ती एवढ्याच आशेनें कीं, ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांत दोन पैसे अधिक मिळतील. आणि नेमक्या त्याच महिन्यांत सरकारचा हुकूम सुटतो! साठवणुकीचा तोटा त्याचा; साठवणुकीचा नफा मात्र सार्वजनिक हितासाठीं आडवा घातलेला.

भाव पडले म्हणजे काय होतें, तेंही पाहूं. २०२३ च्या फेब्रुवारींत कांद्याचा भाव इतका कोसळला कीं, राज्य सरकारला क्विंटलमागें ३५० रुपये, आणि तेंही दर शेतकऱ्यास २०० क्विंटलपर्यंत, अनुदान द्यावें लागलें. दिलें याबद्दल उपकार मानावे. परंतु त्यानंतर सहा महिन्यांतच भाव सांवरूं लागले तेव्हां ४० टक्के शुल्क आलें, हेंही विसरूं नये. तोटा झाला तर क्विंटलमागें ३५० रुपये. फायदा होऊं लागला तर दार बंद. असा व्यवहार कोणताही वाणी पत्करणार नाहीं.

एक साधा हिशेब करून पाहावा. महिन्यास ५ किलो कांदा खाणाऱ्या घरांत भाव २० चा ४० झाला, तर महिन्याचा खर्च १०० रुपयांनीं वाढतो. उलट ज्याच्या चाळींत १०० क्विंटल कांदा आहे, त्याचा भाव क्विंटलमागें १,००० रुपयांनीं पडला तर त्याचे १ लाख रुपये जातात. तेंच त्याचें सालभराचें उत्पन्न असतें. खाणारीं घरें पुष्कळ आहेत व पिकविणारीं थोडीं, हें खरें. मजुराच्या घरांत १०० रुपये ही लहान रक्कम नव्हे, हेंही खरें. पण मग तें ओझें सर्व देशाच्या तिजोरीनें उचलावें. एका जिल्ह्यांतील चाळींवर तें लादणें हा न्याय नव्हे.

शिवाय, खाणारानें दिलेला रुपया जातो कोठें? रिझर्व्ह बँकेनें ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें आढळलें कीं, ग्राहकाच्या रुपयांतून कांदा उत्पादकास सुमारें ३६ पैसे, टोमॅटो उत्पादकास ३३ पैसे व बटाटा उत्पादकास ३७ पैसे मिळतात. हरभऱ्याच्या बाबतींत हाच वांटा ७५ पैशांच्या आसपास आहे. कारण हरभरा लवकर सडत नाहीं. बाकीचे ६४ पैसे सर्वस्वीं लुबाडणूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांत मोटारभाडें आहे, हमाली व तोलाई आहे, घट आहे, किरकोळ दुकानदाराचें पोट आहे. पण महागाईची खरी चर्चा या ६४ पैशांवर व्हावयास पाहिजे होती. साठवण सुधारली, घट कमी झाली, बाजार जवळ आले, तर खाणारास स्वस्त व पिकविणारास रास्त, हें दोन्ही एकाच वेळीं साधण्यासारखें आहे. सभागृहांत एक पक्ष ग्राहकाच्या रुपयावर बोलतो, दुसरा निर्देशांकाच्या टक्क्यावर बोलतो. मधले ६४ पैसे मात्र कोणाच्याच भाषणांत सांपडत नाहींत.

करासंबंधींही थोडें सांगितलें पाहिजे. पिशवींतील पिठावर ५ टक्के कर बसला म्हणून सभागृह दणाणलें, तें योग्यच झालें. पण त्याच वेळीं फवारणीच्या रासायनिक औषधांवर १८ टक्के कर होता. कारखानदार व व्यापारी आपल्या खरेदीवरील कर पुढील करांतून वळता करून घेतात. शेतकऱ्याच्या कच्च्या मालावर कर नाहीं, त्यामुळें त्यास वळतें करून घेण्यास जागाच नाहीं. खरेदींत भरलेला सर्व कर त्याच्या अंगावर बसतो. “शेतीमाल करमुक्त आहे” या वाक्यांत ही खोंच दडलेली आहे.

सरकारास शेतकऱ्याच्या खर्चाची जाणीव कधींच नसते, असें म्हणणें मात्र खोटें होईल. मे २०२१ मध्यें डी.ए.पी. खत परदेशांत महागलें, तेव्हां गोणीमागील अनुदान ५०० रुपयांवरून १,२०० रुपये करून गोणीची किंमत १,२०० रुपयांवरच राखण्यांत आली. २१ मे २०२२ रोजीं डिझेलवरील अबकारी कर लिटरमागें ६ रुपयांनीं उतरविण्यांत आला. म्हणजे मनांत आणल्यास तिजोरी ओझें उचलूं शकते, हें सिद्ध आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, खतासाठीं जें केलें तेंच कांद्यासाठीं करावें.

सबब, महागाईची चर्चा पुन्हां होईल तेव्हां आपल्या भागाच्या सभासदास आपण तीन गोष्टी आजच सांगून ठेवाव्या. पहिली, महागाईच्या आंकड्यांबरोबर खत, बियाणें, औषध, डिझेल व मजुरी यांच्या वाढीचा तक्ता सभागृहापुढें ठेवण्यांत यावा. दुसरी, निर्यातीचें धोरण पेरणीपूर्वीं जाहीर व्हावें, व माल चाळींत भरल्यावर तें बदलूं नये; बदलावेंच लागलें तर भावांतील फरक तिजोरींतून द्यावा. तिसरी, गरीब ग्राहकास जी मदत करावयाची ती उघडपणें त्याच्या हातीं द्यावी; शेतकऱ्याच्या खिशांतून गुपचुप काढून नव्हे.

आणि एक गोष्ट आपली आपणच करावयाची आहे. प्रस्तुत लेखकाच्या घरीं तीन पिढ्यांच्या वह्या आहेत. जमेची बाजू पैपैपर्यंत लिहिलेली. खर्चाच्या बाजूस बी आहे, खत आहे, गाडीभाडें आहे. पण आजीनें कांदा कापला, आईनें निवडला, मुलांनीं शाळेपूर्वीं पाणी दिलें, त्याची मजुरी एकाही पानावर नाहीं. जो खर्च आपणच आपल्या वहींत मांडला नाहीं, तो संसदेंत कोण मांडणार? यंदाच्या हंगामापासून प्रत्येक सभासद-शेतकऱ्यानें घरच्या माणसांची मजुरी धरून एकरीं खर्च लिहावा व तो संस्थेच्या कचेरींत आणून द्यावा. पांचपन्नास गांवांच्या अशा वह्या एकत्र झाल्या, तर पुढील चर्चेच्या वेळीं आपल्या प्रतिनिधीस सभागृहांत वांगें नेण्याचें कारण पडणार नाहीं. त्यानें ती वही वाचली तरी पुरे आहे.