सूर चालतो, शेजार चालत नाही

‘कलेला जात नसते’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. ते म्हणणाऱ्याचे आडनाव ऐकून कुणी दार लावून घेतलेले नसते, हाही आपला अनुभव आहे. हे वाक्य तपासायला सनी रॉलिन्स यांची एक रेकॉर्ड पुरेशी आहे.

रॉलिन्स हे १९३० साली न्यूयॉर्कमध्ये, हार्लेमला जन्मलेले कृष्णवर्णीय टेनर सॅक्सोफोनवादक. जॅझमध्ये ‘स्टँडर्ड’ म्हणतात ती बहुतेक जुन्या नाटका-सिनेमांतली लोकप्रिय गाणी. वादक ओळखीची चाल घेतो आणि तिच्यावर तिथल्या तिथे स्वतःचे नवे संगीत उभे करतो. यात रॉलिन्स यांचा हात धरणारे थोडेच. १९५६च्या ‘सॅक्सोफोन कोलोसस’नंतर त्यांचे नाव गाजत होते, वर्तमानपत्रांत फोटो छापून येत होते. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये भाड्याने घर शोधताना मात्र त्यांना कातडीच्या रंगामुळे नकार मिळाला.

त्या अनुभवातून १९५८ साली ‘फ्रीडम सूट’ आली. सोबत फक्त ऑस्कर पेटिफोर्ड यांचा बास आणि मॅक्स रोच यांचे ड्रम. एका बाजूला रॉलिन्स यांची स्वतःची सुमारे १९ मिनिटांची रचना, दुसऱ्या बाजूला सर्वांच्या ओळखीची गाणी. कव्हरवर त्यांचे छोटेसे निवेदन होते. त्याचा आशय असा: अमेरिकेची बोली, विनोद आणि संगीत ज्या समाजात रुजले आहे, त्याच समाजाच्या वाट्याला अमानुषपणा येतो.

पुढे कंपनीने हीच रेकॉर्ड ‘शॅडो वॉल्ट्झ’ या नावाने बाजारात आणली. हे दुसऱ्या बाजूवरच्या, १९३३च्या सिनेमातल्या एका गाण्याचे नाव. वादक तेच, सूर तेच. कव्हरवरून गेले ते फक्त ‘स्वातंत्र्य’.

आपल्यातले काही विचारतील, मग गोऱ्यांच्या नाटकातली गाणी वाजवायचीच कशाला? माझे मत उलट आहे. ही संस्कृती आमचीही आहे, हा रॉलिन्स यांचा दावा होता आणि ती गाणी त्या दाव्याचा पुरावा होती. त्यांनी ती उसनी घेतली नाहीत, त्यांच्यावर हक्क सांगितला. कंपनीने निरुपद्रवी समजून जे नाव पुढे केले, तेही त्याच हक्काचे होते.

आपल्याकडे प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण घ्या. त्यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी कुठे वाजत नाहीत? त्याच गळ्याने भीमगीतेही गायली. एका शहरात मी खोली बघायला गेले, तेव्हा घरमालकांकडे त्यांचेच भक्तिगीत चालू होते. चहा आला, भाडे ठरले. मग आडनाव विचारले गेले आणि खोली ‘कालच दिली’ असल्याचे त्यांना आठवले. गाणे शेवटपर्यंत चालूच होते.

समाजशास्त्राच्या पुस्तकांत याला मोठे शब्द आहेत. साधी गोष्ट एवढीच की, आमची कला घरात घेतल्याने आम्हाला घरात घेतले असे होत नाही. कौतुक फुकट असते, शेजार देताना वर्चस्व सोडावे लागते.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘कलेला जात नसते’ म्हणाले, तर वाद घालत बसू नका. एवढेच विचारा: तुमच्या इमारतीत खोली रिकामी आहे का?

जय भीम.