सत्ता ‘अचानक’ कोसळत नाही!

5 ऑगस्ट 2024 रोजी शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या, तेव्हा बहुतेक वाहिन्यांवर एकच शब्द होता, ‘अचानक’. 2022 मध्ये श्रीलंकेचे गोटाबाया राजपक्षे देश सोडून गेले तेव्हाही हाच शब्द आणि 2011 मध्ये ट्युनिशियाचे बेन अली पळाले तेव्हाही हाच. आम्हाला वाटते, हा शब्दच आपली दिशाभूल करतो. देश वेगळे, भाषा वेगळी. पण तिन्ही घटना शेजारी ठेवून पाहिल्या तर बदलाची चाल बरीचशी सारखी दिसते.

पहिली खूण म्हणजे वरून दिसणारी ताकद. बेन अलींना 2009 च्या निवडणुकीत सुमारे 89 टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले होते. राजपक्षेंच्या पक्षाने 2020 मध्ये 225 पैकी 145 जागा जिंकल्या. हसीना तर जानेवारी 2024 मध्ये सलग चौथ्यांदा निवडून आल्या, तीही प्रमुख विरोधी पक्षाने बहिष्कार टाकलेल्या निवडणुकीत. म्हणजे आकडे भक्कम होते, पण खालची खबर वर पोहोचण्याचे रस्ते बंद होत चालले होते. श्रीलंकेत 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी आली. कृषितज्ज्ञ धोका सांगत होते, शेतकरी रस्त्यावर उतरले होते. बंदी मागे घेईपर्यंत भाताच्या पिकाचे नुकसान होऊन गेले होते.

दुसरी खूण, ठिणगी लहान असते. 17 डिसेंबर 2010 रोजी सिदी बूझिद या गावात मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याचा माल जप्त झाला. दाद मिळेना म्हणून त्याने स्वतःला पेटवून घेतले आणि अवघ्या 28 दिवसांत 23 वर्षांची राजवट संपली. बांगलादेशात निमित्त झाले सरकारी नोकऱ्यांतील 30 टक्के कोट्याचे. पण गाडा जप्त होणे काय किंवा कोट्याचा वाद काय, हे त्या देशांत पहिल्यांदाच घडत नव्हते. मग याच वेळी आग का लागली? कारण गवत आधीच वाळलेले होते. बेकारी, महागाई, पोलिसांची दंडेली हे सगळे वर्षानुवर्षे साचत होते. प्रत्येकाला वाटायचे, चिडलेला फक्त मीच आहे. शंभर माणसे रस्त्यावर दिसली की हजारांची भीती जाते, हजार दिसले की लाखांची.

तिसरी खूण म्हणजे सत्तेचे वरातीमागून घोडे. पुन्हा निवडणूक लढवणार नाही, असे बेन अलींनी 13 जानेवारीला सांगितले; दुसऱ्या दिवशी ते देशाबाहेर होते. ढाक्यात 21 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने 93 टक्के जागा गुणवत्तेवर भरण्याचा निकाल दिला. विद्यार्थ्यांची मूळ मागणी जवळपास मान्य झाली होती. पण तोवर मुलांचे मुडदे पडले होते, आणि मागणी कोट्याची उरली नव्हती, जाब विचारण्याची झाली होती. जी सवलत महिनाभर आधी पुरली असती, ती उशिरा दिल्यावर कमजोरी ठरते.

इथपर्यंत वाट सारखी. पुढे मात्र ती फुटते आणि आपल्या वाचकांनी खरे लक्ष इथेच द्यावे. इजिप्तमध्ये मुबारक 18 दिवसांत गेले, पण लष्कर जिथल्या तिथे राहिले. 3 जुलै 2013 रोजी निवडून आलेल्या मुर्सींना त्याच लष्कराने हटवले. ट्युनिशियात कामगार संघटना, वकील यांच्या जुन्या संस्था होत्या, म्हणून 2014 मध्ये संविधान झाले. तरी 25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी संसद स्थगित केली. श्रीलंकेत राज्यघटनेनुसार सत्ता हस्तांतरित झाली आणि 2024 मध्ये मतपेटीतून नवा राष्ट्राध्यक्ष आला. थोडक्यात, राजा कधी पडेल हे रस्ता ठरवतो. त्याच्यानंतर काय येईल, हे मात्र त्याआधी कोणत्या संस्था उभ्या होत्या त्यावर बरेचसे ठरते.

मग या खुणा ओळखून तारीख सांगता येते का? मुळीच नाही. गवत वाळले आहे एवढे कळते, ठिणगी कधी पडेल हे कुणालाच कळत नाही. म्हणून ‘आता यांचे दिवस भरले’ असे छातीठोकपणे सांगणारे मेसेज पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

उपयोग दुसरीकडे आहे. हीच चाल शाळेत, ट्रस्टमध्ये, पक्षात, मोहल्ल्याच्या कमिटीतही चालते. हिशेब मागणाऱ्याला जिथे फितनाखोर ठरवले जाते, तिथे शांतता दिसते. पण ती समाधानाची असेलच असे नाही. आपल्या संस्थेत वाईट बातमी वरपर्यंत पोहोचते का, आणि ती सांगणाऱ्याचे पुढे काय होते? हा प्रश्न वेळ असतानाच विचारायचा असतो.